इंजिन हवा ओढत नाही

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात भावांची चर्चा झाली. कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, डिझेलचा भाव. आता थोडा वेळ जिला भावच नाही अशा एका वस्तूबद्दल बोलायचे आहे. ती वस्तू म्हणजे हवा. तिच्यावर अजून कुणी लेव्ही बसवलेली नाही आणि ती आणायला परवाना लागत नाही, म्हणून तिचा हिशेबही कुणी ठेवत नाही. इंजिन मात्र तो हिशेब चोख ठेवते.

आपण डिझेल मापून घेतो. कॅनमध्ये किती होते, किती उरले, तासाला किती लागले, हे घरातले पोरसुद्धा सांगते. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या किमतीवरचे नियंत्रण काढले, तेव्हापासून तर लिटर-लिटरचा हिशेब तोंडपाठ झाला आहे. पण इंजिन डिझेलवर चालते ही गोष्ट अर्धीच खरी आहे. ते किती हवा खाते हे आपल्यापैकी किती जणांनी कधी मोजले?

मोजून पाहू. विहिरीवर असते तसले पाच हॉर्सपॉवरचे एक सिलिंडरचे इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे. अशी इंजिने आपल्याकडे गावोगाव आहेत. पिस्टन वरून खाली आला की ५५३ घनसेंटिमीटर जागा मोकळी होते, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोडी जास्त. हवा घेण्याची पाळी दोन फेऱ्यांत एकदा येते, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. गुणाकार केला तर मिनिटाला ४१५ लिटर होतात. सिलिंडर पूर्ण कधीच भरत नाही, त्याची कारणे पुढे सांगू. साधारण साडेतीनशे लिटर धरा. तासाला झाले २१ हजार लिटर. दोनशे लिटरचे शंभरावर ड्रम भरतील एवढी हवा!

हजार लिटर हवेचे वजन एक किलोपेक्षा थोडे जास्त भरते. म्हणजे तासाला तेवीस-चोवीस किलो हवा इंजिनात जाते आणि पूर्ण भारावर डिझेल लागते लिटर-सव्वा लिटर, वजनाने किलोच्या आतबाहेर. ज्या मालाची आपण पावती जपून ठेवतो तो एक किलो, आणि ज्याची पावतीच नाही तो वीस-पंचवीस किलो.

ओढणारा कोण?

आपण म्हणतो, इंजिन हवा ओढते. पंप पाणी ओढतो असेही म्हणतो. बोलायला ठीक आहे, पण त्याने डोक्यात एक गैरसमज घर करून बसतो.

हा गैरसमज जुना आहे आणि तो विहिरीवरच उघडा पडला. इटलीत पाणी उपसणाऱ्यांना अनुभव होता की चांगल्यातला चांगला चोषण पंप लावला तरी पाणी अठरा हातांवर चढत नाही. गॅलिलिओसारख्या माणसाने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात ही गोष्ट नोंदवली, पण त्याचे कारण त्याला नीट लागले नाही. ते त्याच्या शिष्याला, टॉरिचेलीला, १६४४ च्या सुमारास लागले. त्याने काचेच्या नळीत पारा भरला आणि नळीचे तोंड पाऱ्याच्या वाटीत धरून ती उभी केली. पारा खाली आला आणि ७६ सेंटिमीटरवर थांबला. नळीच्या वरच्या भागात काहीच नव्हते, मग पाऱ्याला धरून ठेवले कुणी? वाटीतल्या पाऱ्यावर बाहेरची हवा दाबून बसली होती, तिने. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. ७६ ला १३.६ ने गुणा, येतात १०३३ सेंटिमीटर. म्हणजे सव्वादहा मीटर, चौतीस फूट. पाणी उपसणाऱ्यांची अडचण ती हीच. चार वर्षांनी, १६४८ मध्ये, पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा तीच नळी घेऊन फ्रान्समधल्या एका डोंगरावर चढला. वर पारा आणखी खाली उतरला, कारण डोक्यावरची हवा कमी झाली होती.

आपण हवेच्या तळाशी राहतो. त्या हवेचे वजन प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो आहे. ते चारी बाजूंनी सारखे असल्यामुळे जाणवत नाही. पण कुठे जागा रिकामी झाली, की बाहेरची हवा तिथे घुसते. रंगपंचमीची पिचकारी बादलीत बुडवून दट्ट्या मागे घेता तेव्हा तुमचा हात फक्त जागा करतो, पाणी आत ढकलते ती बाहेरची हवा. लोहाराच्या भात्याचेही तेच. पाय मारण्याच्या आधी भाता फुगतो, तो हवा ओढून नव्हे, त्याचे पोट मोठे झाले म्हणून.

इंजिनातही हेच होते. पिस्टन खाली जातो, इनलेट व्हॉल्व उघडा असतो, सिलिंडरमधला दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी पडतो आणि तेवढ्या फरकावर बाहेरची हवा आत येते. १५०० फेऱ्यांना ही एक धाव संपायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो! एवढ्या वेळात हवेने एअर क्लीनरच्या टोपीखालून शिरायचे, तेलावरून वळायचे, जाळीतून जायचे, रबराच्या नळीतून, वाकड्या पाइपातून, व्हॉल्वच्या कडेने सिलिंडरमध्ये पोचायचे. ढकलणारा दाब ठरलेला आहे. इंजिन कितीही दांडगे असो, त्याला हवा जबरदस्तीने ओढता येत नाही. वाटेत जेवढा अडथळा, तेवढी हवा कमी.

म्हणूनच इनलेट व्हॉल्व पिस्टन तळाला पोचल्यावर लगेच बंद होत नाही. चाकाचा आणखी तीस-चाळीस अंश फेरा होईपर्यंत तो उघडाच असतो. उतारावरच्या गाडीचे बैल थांबले तरी गाडी चार पावले पुढे सरकते, तशी पाइपातली हवाही पिस्टन वळला तरी आत सरकत राहते. तेवढीच जास्तीची हवा पदरात पडते. टॅपेटची फट वाढली की व्हॉल्व उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि उचलतोही कमी. फट कानाने ऐकून ठरवणारे मिस्त्री आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पत्र्याच्या पट्टीने मापून बसवणारे कमी पाहिले.

मोठ्या ट्रॅक्टरवर आता टर्बो येतो. तो धुराच्या जोरावर चाक फिरवून हवा खरोखर आत कोंबतो. त्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या ब्यूखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ सालीच मांडली होती. आपल्या विहिरीवरच्या इंजिनाला टर्बो नाही, म्हणून आजचे बोलणे साध्या इंजिनापुरतेच.

पूर्ण पोट का भरत नाही?

पहिले कारण ऊन. हवा तापली की फुगते, तेवढ्याच जागेत वजनाने कमी मावते. २५ अंशांच्या सकाळपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी हवेचे वजन सहा टक्क्यांनी कमी भरते. वैशाखात इंजिन दुपारी दमते ते याने. त्यात इंजिनाभोवती पत्र्याची खोली, आणि धुरांड्याचा गरम वारा परत एअर क्लीनरच्याच तोंडात. मग नुकसान दुप्पट.

दुसरे कारण उंची. दर शंभर मीटरला हवेचा दाब सुमारे एक टक्का घटतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे, बुलढाणा सहाशेच्या वर. तीन टक्के, सहा टक्के तिथेच गेले. ही दोन्ही कारणे देवाघरची, त्यावर इलाज नाही. तिसरे कारण आपल्या घरचे आहे. ते म्हणजे फुफाटा.

फुफाटा आणि एअर क्लीनर

कोरडवाहू माणसाला धुळीचे वर्णन सांगायला नको. चैत्रात पऱ्हाटी उपटून नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टर दिसत नाही, नुसता लोट दिसतो. ज्वारीच्या मळणीला भुसा, कोंडा आणि कणसावरची काळी बुकटी एकदमच उडते. माणूस तोंडाला फडके बांधतो. इंजिनाचे फडके म्हणजे एअर क्लीनर.

एक हिशेब करू. समजा, खळ्यावरच्या हवेत घनमीटरला अर्धा ग्रॅम धूळ आहे. इंजिन तासाला २१ घनमीटर हवा घेते. म्हणजे तासाला दहा ग्रॅम, हंगामाच्या शंभर तासांत एक किलो. एअर क्लीनर नसेल तर ही किलोभर धूळ लायनर आणि रिंगांच्या मध्ये जाणार. तिच्यात लोखंडापेक्षा कठीण कण असतात. तेलात कालवलेली अशी धूळ म्हणजे पॉलिशपेपरच, आणि तो मिनिटाला तीन हजार वेळा घासला जातो, हजार दीड हजार वेळा नव्हे, कारण प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो.

लायनर झिजला की पुढची साखळी आपोआप चालू होते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. पिस्टन वर येताना आत आलेली हवा सोळा-सतरा पट दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड तापते, तशी ती हवा पाचशे अंशांच्याही वर तापते आणि नोझलमधून आलेले डिझेल त्या तापलेल्या हवेत पेटते. लायनर झिजला, रिंगा सैल झाल्या, की दाबताना हवा बाजूने निसटते. हवा कमी, तापणे कमी. मग मार्गशीर्षाच्या थंड पहाटे हँडल मारून मारून दोन माणसे घामाघूम होतात आणि इंजिन नुसते खोकते. त्याला थंडी वाजली म्हणतात. थंडी वाजलेली नसते, मागच्या वैशाखातला फुफाटा बोलत असतो.

तेलाचा एअर क्लीनर ही फार साधी आणि फार हुशारीने केलेली वस्तू आहे. हवा वरून खाली येते, वाटीतल्या तेलाजवळ तिला एकदम उलटे वळावे लागते. हवा हलकी म्हणून वळते. धूळ जड, तिला वळता येत नाही, ती सरळ जाऊन तेलात पडते. राहिलेली बारीक धूळ तेलाने ओल्या झालेल्या तारेच्या जाळीला चिकटते. सगळा खेळ तेलाच्या पातळीवर आहे. वाटीत खूण असते. तेल खुणेच्या खाली असले तर हवा नुसतीच फिरून जाते, धूळही तिच्याबरोबर जाते. तेलात गाळ साठला तर तेल वर दिसते, पण वाटीत असतो चिखल.

आणि तेल खुणेच्या वर भरले तर? पुष्कळांना वाटते, चार बोटे जास्त घातले तर काय बिघडले. हवेबरोबर ते तेल सिलिंडरमध्ये जाते आणि डिझेलसारखे जळते. इंजिनाला फुकटचे खाणे मिळते. गव्हर्नर डिझेल कमी करतो, पण जे जळते आहे ते त्याच्या हातात नाही. फेरे वाढतच जातात, डिझेलचा कॉक बंद केला तरी इंजिन थांबत नाही. असे इंजिन पिसाळले तर डिझेलच्या मागे धावू नका, हवा तोडा. जाड ओले पोते किंवा फळी हवेच्या तोंडावर दाबून धरा. हात लावू नका आणि चाकाच्या रेषेत उभे राहू नका. हवा बंद झाली की इंजिन काही क्षणांत थांबते. ते खरे कशावर चालते, हे त्या वेळी दिसते.

तालुक्याच्या गावच्या एका दुकानदाराने आमच्यातल्या एका शेतकऱ्याला सल्ला दिला होता की एअर क्लीनर काढून ठेवा, इंजिन मोकळे चालेल. सल्ला खोटा नव्हता. अडथळा गेला, इंजिन खरोखर मोकळे चालले. एक हंगाम चालले. पुढच्या दिवाळीला लायनर, पिस्टन, रिंगा असा संच त्याच दुकानातून घ्यावा लागला. दुकानदाराचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो.

क्लीनर कधी धुवायचा? महिन्याने, पंधरा दिवसांनी असे आम्ही सांगणार नाही. पुस्तिकेतले तास साध्या हवेसाठी असतात. मळणीच्या आणि नांगरटीच्या दिवसांत रोज संध्याकाळी वाटी काढून बोट बुडवून पाहा. तळाला गाळ लागला की तेल टाका, वाटी आणि जाळी रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, जाळी निथळू द्या आणि खुणेपर्यंत चांगले तेल भरा. इंजिनातून काढलेले काळे तेल नको. क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळीही दाबून, वाकवून पाहा. तिला चीर गेली असेल तर सगळा क्लीनर शोभेचा, कारण हवा सोपी वाट पकडते. नव्या ट्रॅक्टरला कागदाचा फिल्टर असतो. तो टायरवर आपटू नका आणि धुऊ नका. आतून बाहेर हलकी हवा मारा. भोक पडले किंवा फारच भरला तर बदला.

मळणीला इंजिन कुठे उभे करायचे, यात तर पैसाही लागत नाही. वारा येतो त्या अंगाला इंजिन, वारा जातो त्या अंगाला भुसा. पट्टा लावायच्या घाईत नेमके उलटे केले जाते. कापसाच्या गंजीजवळ तर इंजिन नकोच. सरकीवरचे तंतू उडून जाळीवर चिकटतात आणि लोकरीसारखा थर बसतो. शिवाय ठिणगीचा धोका वेगळाच.

हवा कमी पडली की धूर काळा होतो. किलोभर डिझेल पूर्ण जळायला निदान साडेचौदा किलो हवा लागते, आणि मिसळायला वेळ थोडा असल्यामुळे प्रत्यक्षात बरीच जास्त लागते. तेवढी नसली तर डिझेलचा काजळीचा भाग न जळता धुरांड्यातून जातो. काळा धूर दिसला की इंजिन जोर काढते आहे असे म्हणून मिशीला पीळ देणारे लोक आहेत. तो धूर म्हणजे आपण विकत घेतलेले डिझेल आहे. ओझे जास्त झाले किंवा नोझल बिघडले तरीही काळा धूर येतो, पण नोझल खोलण्याआधी क्लीनर पाहावा. त्याला पान्हासुद्धा लागत नाही. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, म्हणजे बहुधा फुफाट्याने काम केले आहे.

विहिरीत उतरवलेले इंजिन

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मुद्दाम घेतला, ती सांगतो.

पंप पाण्याला चौतीस फुटांवर चढवू शकत नाही हे टॉरिचेलीने सांगितले. पाइपातले घर्षण, सांध्यातून झिरपणारी हवा, फूट व्हॉल्व म्हणजे आपला फुटबॉल, हे सगळे वजा जाता प्रत्यक्षात वीस-बावीस फूट मिळतात. फाल्गुनात पाणी चाळीस-पन्नास फुटांवर गेले की माणूस काय करतो? पेट्रोलवरचा किंवा रॉकेलवरचा छोटा पंपसंच दोराने विहिरीतल्या कपारीवर उतरवतो आणि तिथेच चालू करतो. पाणी येते. पण इंजिन तासाला हजारो लिटर हवा घेते आणि तेवढाच धूर सोडते, विहिरीच्या आतच. विहिरीत वारा नसतो. गरम धूर थोडा वर जातो, थंड होतो आणि तिथेच पसरतो.

पेट्रोल-रॉकेलच्या इंजिनात हवा मोजूनमापून येते, जास्तीची नसते. म्हणून जळणे अर्धवट राहते आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू मोठ्या प्रमाणात असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. छातीत हवा जाते, रक्तात प्राणवायू पोचत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. खालच्या माणसाला वाटते ऊन लागले. मग पायातला जोर जातो आणि शिडी चढण्याची ताकद उरत नाही. वरचा भाऊ त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. मग तिसरा उतरतो. एका घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसे अशी एका विहिरीत गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पुढचे पान उलटतो.

जुनी माणसे विहिरीत कंदील सोडून पाहायची. तो विझला तर उतरायचे नाही. ती रीत चांगली आहे, प्राणवायू कमी असेल तर कळते. पण या वायूला कंदील ओळखत नाही. माणूस मरेल एवढा वायू असला तरी कंदील जळत राहतो. आणि खाली पेट्रोलची वाफ असेल तर कंदिलानेच भडका उडेल.

तेव्हा चालते इंजिन विहिरीत उतरवायचे नाही, डिझेलचे असले तरी नाही. इंजिन काठावर ठेवून पट्ट्याने खालचा पंप चालवता येतो, किंवा विजेचा पाणबुडी पंप खाली सोडता येतो. काठावरच्या इंजिनाचाही धूर विहिरीच्या तोंडाकडे जाणार नाही असे धुरांडे फिरवा. कुणी खाली पडलाच, तर कमरेला दोर आणि वर ओढायला चार माणसे असल्याशिवाय दुसऱ्याने उतरू नये. आधी फवारणीचा ब्लोअर किंवा पंखा लावून लांब पाइपाने ताजी हवा खाली सोडा. माणूस वर आला की मोकळ्या हवेत निजवा, श्वास थांबला असेल तर तोंडाने द्या आणि दवाखान्यात न्या. डॉक्टरांना इंजिनाचा धूर लागला आहे हे आवर्जून सांगा. करोनाच्या साथीत सगळ्यांनी पाहिलेले बोटाला लावायचे यंत्र या वायूने फसते. रक्तात प्राणवायू नसतानाही ते आकडा चांगला दाखवते.

मंडपाच्या मागे एक पाच हॉर्सपॉवरचे इंजिन खोलून ठेवले आहे. त्याचा क्लीनर गेल्या हंगामात कुणी उघडला नव्हता, वाटीतला गाळ तसाच ठेवला आहे. चहाच्या सुट्टीत दहा-दहा जणांनी यावे, हेड काढलेले आहे, लायनरच्या वरच्या कडेला बोटाचे नख लावून पाहावे. ज्यांच्या गावात विहिरीत इंजिन उतरवण्याची रीत आहे त्यांनी गावाचे नाव आणि विहिरीची खोली वहीत लिहून द्यावी, पाणी आणखी खाली जायच्या आत तिथे जायचे आहे.